तैनाती फौजेच्या पहाऱ्यातील विधिमंडळ: स्वातंत्र्य की नुसती मोकळीक?

माहुलीकर (सातारा)

गेल्या महिन्यात आमच्या साताऱ्यातील वाचकमंडळाच्या बैठकीत दक्षिण कोरियाचा विषय निघाला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तेथील राष्ट्राध्यक्ष यून सुक येओल यांनी लष्करी कायदा पुकारला, सैनिक राष्ट्रीय सभेच्या इमारतीत शिरले, आणि तरीही ३०० पैकी १९० सदस्यांनी सभागृह गाठून मध्यरात्रीनंतर एकमताने तो कायदा उठवण्याची मागणी केली. पहाटे तो उठवावा लागला. यावर आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की, बंदुका दाराशी आल्या तरी विधिमंडळ स्वतंत्र राहू शकते याचा हा पुरावाच आहे. मी विरोध केला, पण तेवढ्यात चहा आला आणि विषय बाजूला पडला. तो येथे पुढे चालवावा म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे म्हणणे असे की, जे विधिमंडळ वाटेल तेव्हा बंद करण्याची ताकद लष्कराच्या हाती आहे आणि तसे केल्याबद्दल लष्कराला कोणापुढेही जाब द्यावा लागत नाही, त्या विधिमंडळात कितीही भाषणे झाली आणि कितीही कायदे झाले, तरी त्याला फार तर मोकळीक आहे असे म्हणता येईल. मोकळीक देणारा दुसरा असतो, आणि ती किती द्यायची व केव्हा काढून घ्यायची हे तोच ठरवतो.

सातारकरांना हे समजण्यासाठी लांब जावे लागत नाही. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना राज्य दिले. ते राज्य नुसते नावाचे नव्हते. महाराज स्वतः दप्तर पाहत, त्यांनी शाळा काढल्या, शहराला पाणी आणले, रस्ते बांधले, आणि त्यांचा कारभार चोख असल्याचे इंग्रज अधिकारीही मान्य करत. पण बाहेरच्या कोणाशी परवानगीवाचून संबंध ठेवायचा नाही आणि कंपनीच्या संमतीवाचून फौज वाढवायची नाही, ही कलमे त्याच तहात होती. पुढे जहागीरदारांवरील हक्काच्या प्रश्नावर महाराज अडून बसले, त्यांच्यावर तह मोडल्याचा ठपका आला आणि सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला नेण्यात आले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. हाती काही लागले नाही. तैनाती फौज हा शब्द आपण शाळेत पाठ करतो, पण त्यातली मेख अशी की, जिच्या खर्चाचा भार आपण उचलायचा, तीच फौज आपल्यावर पहारा ठेवते.

पाकिस्तानात १९८५ मध्ये हेच विधिमंडळाच्या बाबतीत घडले. जनरल झिया उल हक यांनी पक्षांना वगळून निवडणूक घेतली आणि निवडून आलेल्या सभागृहापुढे सौदा ठेवला: लष्करी राजवटीतील आदेशांवर कायदेशीरपणाचा शिक्का मारा, राष्ट्रीय सभा बरखास्त करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला द्या, मग लष्करी कायदा उठेल. सभागृहाने आठवी घटनादुरुस्ती संमत केली आणि डिसेंबरअखेर लष्करी कायदा उठला. पंतप्रधान जुनेजो मवाळ समजले जात. परंतु अफगाणिस्तानविषयीचा जिनिव्हा करार आणि एप्रिल १९८८ मध्ये ओझ्री येथील दारूगोळ्याच्या कोठारात झालेल्या स्फोटाची चौकशी, या दोन बाबतींत त्यांनी स्वतःचे मत चालवले, आणि २९ मे १९८८ रोजी झियांनी त्याच दुरुस्तीतील ५८(२)(ब) या कलमाचा आधार घेऊन सभागृहासकट त्यांना घरी पाठवले. बांगलादेशातही १९७९ ची पाचवी आणि १९८६ ची सातवी घटनादुरुस्ती याच जातीच्या होत्या. लष्करी राजवटीने जे आधीच करून ठेवले होते, त्याला निवडून आलेल्या सभागृहाकडून मान्यता घेण्यात आली.

म्यानमारमध्ये तर आडपडदाही ठेवला नव्हता. २००८ च्या राज्यघटनेने प्रत्येक सभागृहातील एक चतुर्थांश जागा गणवेशातील सदस्यांना दिल्या आणि घटनादुरुस्तीला पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मते लागतील असे ठरवले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी नव्या संसदेची पहिली बैठक भरायची होती. त्या दिवशी पहाटेच लष्कराने नेत्यांना ताब्यात घेतले.

म्हणून, सभागृहात लष्कराविरुद्ध बोलू देतात का, या प्रश्नाला मी फारसे महत्त्व देत नाही. लष्कराला नको असलेला निर्णय सभागृहाने घेतला, तर तो दुसऱ्या दिवशी टिकतो का, एवढेच मी पाहतो. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

हरभट रोड (सांगली)

माहुलीकर सर, आपली कसोटी मान्य केली, तर जगातील बहुतेक विधिमंडळे एके काळी परतंत्र होती असे ठरेल, आणि ती स्वतंत्र कशी झाली याचे उत्तर मात्र आपल्याकडे उरणार नाही. कारण दुसऱ्या दिवशी टिकणारा निर्णय घेण्याची ताकद कोणत्याही सभागृहाला जन्मतः मिळत नाही. न टिकणारे निर्णय घेत घेतच ती येते.

मी सांगलीत तीस वर्षे दिवाणी वकिली केली, त्यामुळे मला हा प्रश्न वहिवाटीचा वाटतो. दुसऱ्याच्या बांधावरून तुम्ही वीस वर्षे उघडपणे, अखंडपणे, हक्क म्हणून ये-जा केली, तर कायदा तुम्हाला वाटेचा हक्क देतो. जमीन दुसऱ्याचीच राहते, तरी वाट तुमची होते. लष्कराच्या जमिनीवरून विधिमंडळे अशीच चालत गेली आहेत.

ब्राझीलचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, पण काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, चालू ठेवली. अनेक सदस्यांना काढून टाकले, जुने पक्ष मोडले आणि दोनच पक्ष ठेवले: एक सरकारी अरेना आणि दुसरा परवानगीचा विरोधी पक्ष एमडीबी. लोक टिंगल करत असत की एक पक्ष ‘हो’ म्हणणारा आहे आणि दुसरा ‘होय साहेब’ म्हणणारा. सप्टेंबर १९६८ मध्ये मार्सिओ मोरेरा आल्वेस या तरुण सदस्याने भाषणात सांगितले की लोकांनी स्वातंत्र्यदिनाच्या लष्करी संचलनावर बहिष्कार टाकावा आणि मुलींनी लष्करी अधिकाऱ्यांबरोबर नाचू नये. जनरल खवळले आणि त्याच्यावर खटला भरण्यासाठी त्यांनी सभागृहाची परवानगी मागितली. १२ डिसेंबर १९६८ रोजी सभागृहाने २१६ विरुद्ध १४१ मतांनी ती नाकारली. बहुमत सरकारी पक्षाचे होते हे लक्षात घ्या. म्हणजे त्या पक्षाचेही बरेच सदस्य फुटले. लष्कराने निवडून, पारखून, गाळून ठेवलेल्या सभागृहाने लष्कराच्या तोंडावर ‘नाही’ म्हटले. याला आपण मोकळीक म्हणणार का? मोकळीक तर नेमकी या एका गोष्टीचीच नव्हती.

तुर्कस्तानातही १९७१ च्या लष्करी इशाऱ्यानंतर, १९७३ मध्ये, सरसेनापती फारुक गुर्लेर यांनाच राष्ट्राध्यक्ष करावे अशी लष्कराची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी पद सोडले आणि त्यांना सिनेटर करण्यात आले. संसदेने फेरीमागून फेरी घेतली, त्यांना निवडले नाही, आणि अखेर फहरी कोरुतुर्क यांना निवडले. तेही निवृत्त नौदल अधिकारीच होते, म्हणजे तडजोड झालीच. पण लष्कराने पुढे केलेले नाव संसदेने हाणून पाडले. इंडोनेशियात सुहार्तोंच्या काळी ५०० पैकी १०० जागा लष्कराच्या नेमणुकीच्या होत्या, त्या ७५ झाल्या, १९९९ मध्ये ३८ झाल्या आणि २००४ मध्ये संपल्या. ज्या सभागृहात गणवेश बसला होता, त्याच सभागृहाने त्याला बाहेरची वाट दाखवली.

आणि सातारचे उदाहरण देताना औंधचे का विसरता? बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींचा सल्ला घेऊन जानेवारी १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली आणि पंचायतींच्या पायावर विधिमंडळ उभे केले. इंग्रजांचे लष्कर तेव्हा कोठे गेले होते? ते होतेच. त्याच संस्थानातील कुंडल हे पुढे प्रतिसरकारचे मुख्य ठाणे बनले, तरीही औंधचा तो प्रयोग चालू राहिला.

वाईकर

वकीलसाहेब, वहिवाटीचे बोललात म्हणून लिहितो. माझा बांधावरच्या वाटेचा दावा अकरा वर्षे चालला आणि मी तो हरलो. कारण शेजाऱ्याने कागद दाखवला की माझ्या वडिलांनी त्याच्या आजोबांची परवानगी घेऊन ती वाट वापरायला सुरुवात केली होती. परवानगीने वापरलेल्या वाटेवर शंभर वर्षे चाललात तरी हक्क बसत नाही, असे मला तेव्हा समजावून सांगण्यात आले. आपल्या एमडीबी पक्षाला आपण स्वतःच ‘परवानगीचा विरोधी पक्ष’ म्हटले आहे.

हरभट रोड (सांगली)

वाईकर, आपला मुद्दा मला लागला आहे, हे कबूल करतो. कायद्यात तसेच आहे. परंतु परवानगी देणारा एके दिवशी ‘आता येऊ नका’ म्हणतो आणि त्याला न जुमानता माणूस त्याच वाटेने जातो, त्या दिवसापासून वहिवाट हक्काची म्हणून मोजता येते. माझ्या मते ब्राझीलमध्ये तो दिवस १२ डिसेंबर १९६८ हा होता.

माहुलीकर (सातारा)

आणि १३ डिसेंबर १९६८ चे काय? वकीलसाहेबांनी गोष्ट एक दिवस आधी थांबवली आहे. त्या दिवशी लष्करी सरकारने पाचवा संस्थात्मक अधिनियम काढला, काँग्रेसला टाळे ठोकले आणि सुमारे दहा महिने ते तसेच ठेवले. ऑक्टोबर १९६९ मध्ये काँग्रेस पुन्हा उघडली ती नव्या जनरलला राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी. १९७४ च्या निवडणुकीत सिनेटच्या २२ पैकी १६ जागा एमडीबीने जिंकल्या, तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये जनरल गायझेल यांनी काँग्रेस पुन्हा काही दिवस बंद केली आणि सिनेटचे एक तृतीयांश सदस्य थेट लोकमताने निवडले जाणार नाहीत अशी व्यवस्था केली. लोकांनी त्यांना ‘बायोनिक सिनेटर’ म्हणजे यंत्रमानवी सिनेटर असे नाव ठेवले होते. म्हणजे सभागृहाने ‘नाही’ म्हटले की टाळे, आणि मतदारांनी ‘नाही’ म्हटले की नियम बदल. त्या २१६ सदस्यांच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. पण धैर्य व्यक्तीचे असते आणि आपण येथे संस्थेच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत आहोत.

औंधचा मुद्दा मला पटत नाही. तेथे सत्ता सोडणारा राजा स्वखुशीने सोडत होता, आणि ज्यांचे लष्कर होते त्या इंग्रजांच्या हिताच्या कोणत्याही गोष्टीला त्या विधिमंडळाने हात घातला नाही, किंबहुना हात घालण्याचा अधिकारच त्याला नव्हता. ज्या घरावर कधी वादळ आले नाही, त्याचे छप्पर पक्के होते की नाही हे कसे सांगणार?

इंडोनेशियाचे मात्र मला उत्तर देता येत नाही, तेवढे मान्य करतो. फक्त एक नोंद करतो: लष्कराच्या जागा ७५ वरून ३८ झाल्या आणि पुढे संपल्या त्या १९९८ मध्ये सुहार्तो पडल्यावर, आणि सुहार्तो पडले ते रस्त्यावर विद्यार्थी उतरल्यामुळे व अर्थव्यवस्था कोसळल्यामुळे. सभागृहाने जागा घटवल्या हे खरे, पण सभागृह त्याआधी मोकळे झाले होते.

निवृत्त सुभेदार (खटाव)

मी पायदळात अठ्ठावीस वर्षे होतो. माझे आजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते. आमच्या भागात असे घर शोधावे लागत नाही, अपशिंगे गावाच्या नावापुढे तर लोक आजही ‘मिलिटरी’ लावतात. त्यामुळे आपण सर्वजण ‘लष्कर, लष्कर’ म्हणून जे बोलता, ते मला थोडे परके वाटते. लष्कर म्हणजे एक माणूस नव्हे. दाराशी उभा असलेला जवान, त्याचा हवालदार, त्याचा कंपनी कमांडर आणि मुख्यालयातला जनरल या चौघांची मने एकच असतात असे गृहीत धरून आपण वाद घालत आहात.

कोरियाचेच घ्या. तेथे लष्करी कायदा जनरलने पुकारला नव्हता. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने, कोट-टाय घातलेल्या माणसाने, तो पुकारला. सैनिक सभागृहाच्या खिडक्या फोडून आत शिरले, कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबले लावून दारे अडवली, सभापती कुंपणावरून चढून आत गेले, हे सर्व आपण पाहिले. पण सदस्यांना बाहेर ओढून काढण्याचा हुकूम आपल्याला मिळाला होता आणि आपण तो खाली पोचवला नाही, अशी साक्ष विशेष दलाच्या प्रमुखांनी नंतर दिली, हे कोणी येथे लिहिले नाही. त्या रात्री विधिमंडळ वाचले त्यात १९० सदस्यांचा वाटा आहे, तसाच हळू चालणाऱ्या सैनिकांचाही आहे. मे १९८० मध्ये त्याच देशात चुन डू-ह्वान यांनी लष्करी कायदा देशभर लागू केला, तेव्हा राष्ट्रीय सभेचा रस्ता सैनिकांनी रोखला आणि कोणी हळू चालले नाही. मधल्या काळात १९८७ ची राज्यघटना आली, आणि बहुमताने मागणी केल्यास लष्करी कायदा उठवावाच लागेल हे तिच्या ७७ व्या कलमात लिहिलेले होते. सैनिकही त्याच शाळांत शिकून आलेले होते.

इंग्लंडचा इतिहास आम्हाला बढतीच्या परीक्षेसाठी थोडा वाचावा लागला, तेव्हापासून दोन प्रसंग माझ्या लक्षात आहेत. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइड यादी घेऊन पार्लमेंटच्या दाराशी उभा राहिला आणि नको असलेल्या सदस्यांना त्याने आत सोडले नाही. फेब्रुवारी १६६० मध्ये जनरल मंक स्कॉटलंडहून फौज घेऊन लंडनला आला आणि त्याने त्याच वगळलेल्या सदस्यांना पुन्हा आत बसवले. पुढे त्या पार्लमेंटने स्वतःचे विसर्जन करून नव्या निवडणुकीला वाट दिली. दोन्ही वेळा बंदूक दारातच होती. एकदा तिने दार लावले, एकदा उघडले. माहुलीकर सरांच्या कसोटीने दुसरे पार्लमेंटही परतंत्रच म्हणावे लागेल, आणि मला वाटते ते तसे होतेही, कारण मंकच्या मनात काय आहे हे कित्येक दिवस कोणालाच कळत नव्हते.

खरा उपाय त्यांनी १६८९ मध्ये केला. पार्लमेंटच्या संमतीवाचून शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवणे बेकायदेशीर ठरवले, आणि सैनिकाला शिस्तभंगाची शिक्षा देण्याचा कायदा दर वर्षी नव्याने मंजूर करण्याची रीत पाडली. पार्लमेंटने एक वर्ष मंजुरी दिली नाही, तर सैनिकाला शिस्तीत ठेवण्याचा कायदेशीर अधिकारच संपला असता. आपल्याकडेही आमचा पगार लोकसभा मंजूर करते, आमचा कायदा १९५० मध्ये संसदेने केला, सेवेत असताना आम्हाला राजकीय संघटनेत जाता येत नाही, आणि सर्वोच्च सेनापतीपद राष्ट्रपतींकडे असले तरी ते कायद्याने चालवायचे असते. १९५५ मध्ये कमांडर-इन-चीफ हे पदच काढून टाकले. नोव्हेंबर १९६२ मध्ये देवराष्ट्र्यात जन्मलेला आणि कधीही गणवेश न घातलेला माणूस, म्हणजे यशवंतराव चव्हाण, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेला, आणि हरलेल्या, दुखावलेल्या लष्कराने त्याला सलाम केला. ही गोष्ट आम्हाला नेहमीची वाटते. शेजारच्या देशात ती नेहमीची नाही.

वारणाकाठ

मी सांगलीत राज्यशास्त्र शिकते. येथील सर्वजण माझ्याहून वडीलधारे आहेत, तरी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. चर्चा अशी चालली आहे, जणू विधिमंडळाचे स्वातंत्र्य नेहमी बाहेरून कोणीतरी हिरावून घेते.

जपानमध्ये १९३६ पासून नियम होता की लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेतील अधिकारीच असले पाहिजेत. त्यामुळे लष्कराने आपला अधिकारी देण्यास नकार दिला की मंत्रिमंडळ बनतच नसे. जानेवारी १९३७ मध्ये जनरल उगाकी यांना याच कारणाने सरकार स्थापन करता आले नाही, आणि ते स्वतः लष्करातले होते. संसद मात्र भरत होती, अर्थसंकल्प मंजूर होत होते. २ फेब्रुवारी १९४० रोजी सैतो ताकाओ या सदस्याने चीनमधील युद्ध कशासाठी चालले आहे असा प्रश्न भर सभागृहात विचारला. पुढच्याच महिन्यात त्यांची हकालपट्टी झाली. ती कोणी केली? कोणी जनरल आला नव्हता. सैतोंच्या सहकाऱ्यांनी मतदान करून त्यांना काढले. १९४२ मध्ये सरकारी शिफारस नसताना मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, म्हणजे मतदार सभागृहापेक्षा निर्भय निघाले. माहुलीकर सर, आपल्या उदाहरणातील झियांच्या सभागृहाने मार्च १९८५ मध्ये झियांचा उमेदवार पाडून फखर इमाम यांना सभापती केले होते, आणि पुढच्याच वर्षी अविश्वास ठराव करून त्यांना काढले तेही त्याच सभागृहाने.

आपल्याकडे जुलै १९७५ मध्ये आणीबाणीतील अधिवेशन भरले तेव्हा संसदेच्या दारात एकही रणगाडा नव्हता. विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात होते, प्रश्नोत्तराचा तास स्थगित केला होता, आणि पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये काही दिवसांत संमत झाली. सुभेदारसाहेबांनी ज्यांचा अभिमानाने उल्लेख केला, ते यशवंतराव त्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. लष्कर बराकीत होते आणि तरीही विधिमंडळ स्वतंत्र नव्हते.

सुभेदारसाहेब, आणखी एक विचारते. सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा ज्या राज्यांत लागू असतो, तेथील जवानावर केंद्राच्या मंजुरीवाचून खटला भरता येत नाही. ऑगस्ट २००४ मध्ये मणिपूरच्या निवडून आलेल्या सरकारने इंफाळ नगरपालिका क्षेत्रातून तो उठवला, केंद्राला ते रुचले नव्हते तरी. अशा राज्याच्या विधानसभेला आपण लष्करी सत्तेखालील म्हणाल का?

निवृत्त सुभेदार (खटाव)

ताई, तो कायदा १९५८ मध्ये संसदेने केला आणि संसद वाटेल तेव्हा तो रद्द करू शकते. लष्कर तिला अडवू शकत नाही. म्हणून मी ‘नाही’ म्हणेन. पण तेथील आमदाराला आपल्या मतदारसंघातील चौकीबद्दल विचारण्याचा अधिकार किती, असे विचारलेत, तर उत्तर देताना मला अवघड जाईल. मी तेथे नोकरी केली आहे.

माहुलीकर (सातारा)

वारणाकाठ यांच्या लेखनामुळे मला माझे विधान दुरुस्त करावे लागते. लष्कर नसले म्हणजे विधिमंडळ स्वतंत्र झाले, असे मी म्हटले नव्हते, पण माझ्या मांडणीतून तसा भास होत होता. सैतोंच्या प्रकरणाने माझा मुद्दा मात्र अधिक पक्का होतो. सहकाऱ्यांनी त्यांना काढले ते आपखुशीने काढले का? मंत्रिमंडळ जिवंत ठेवणे ज्याच्या हातात आहे त्याचा रोष होऊ नये म्हणूनच काढले. बाहेरचा पहारा काही वर्षांनी आत शिरतो, आणि मग दाराशी कोणी उभे राहण्याची गरज उरत नाही.

थायलंडमध्ये जुलै २०२३ मध्ये काय झाले ते पाहा. निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळवणाऱ्या पक्षाचे नेते पिता लिमजारोएनरात यांना पंतप्रधान होण्यासाठी दोन्ही सभागृहांची मिळून ३७५ मते हवी होती. त्यांना ३२४ मिळाली. लष्करी राजवटीने नेमलेल्या सुमारे अडीचशे सिनेटरांपैकी केवळ १३ जणांनी त्यांच्या बाजूने मत दिले. त्या दिवशी बराकीतून कोणी बाहेर पडले नाही. कामकाज नियमाप्रमाणे झाले, मतमोजणी बिनचूक झाली.

हरभट रोड (सांगली)

सरांनी थायलंड काढला, तर मी म्यानमारचा दुसरा अर्धा भाग सांगतो. २०१६ मध्ये राज्यघटनेमुळे आँग सान सू ची राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नव्हत्या, तेव्हा संसदेने साध्या कायद्याने राज्य समुपदेशक हे पद निर्माण केले. गणवेशातील सदस्यांनी हे घटनाबाह्य आहे असे सांगून मतदानात भाग घेण्यास नकार दिला, आणि कायदा झालाच. डिसेंबर २०१८ मध्ये गावपातळीपर्यंतचा कारभार पाहणारे खाते लष्कराच्या ताब्यातील गृहमंत्रालयातून काढून नागरी मंत्रालयाकडे नेले. हे दोन्ही निर्णय दुसऱ्या दिवशी टिकले, तिसऱ्या दिवशी टिकले, काही वर्षे टिकले. सरांच्या कसोटीला हे उतरतात. मग ती संसद त्या काळापुरती स्वतंत्र होती का? आणि ‘नव्हती, कारण २०२१ मध्ये ती मोडली’ असे उत्तर असेल, तर कोणत्याही संसदेला ती आज स्वतंत्र आहे असे आज कधीच म्हणता येणार नाही. उद्याची वाट पाहावी लागेल.

पाकिस्तानने एप्रिल १९९७ मध्ये ते ५८(२)(ब) कलम काढून टाकले, म्हणजे सभागृहाच्या गळ्यातील दोर सुटला. ऑक्टोबर १९९९ मध्ये जनरल मुशर्रफ कोणत्याही कलमावाचून आले. आता मुशर्रफ आले म्हणून १९९७ चे सभागृह परतंत्र होते असे म्हणायचे, की ते स्वतंत्र होते म्हणूनच त्यांना कलमावाचून यावे लागले असे म्हणायचे? माझे मत यांतील दुसऱ्या बाजूचे आहे, पण ते सिद्ध करता येत नाही, हे मी जाणतो.

वाईकर

मी दावा हरलो, तरी त्याच वाटेने जातो. शेजारी काही बोलत नाही. त्याचा मुलगा बोलेल असे वाटते.

वारणाकाठ

सुभेदारसाहेब, एक शेवटचे विचारते, राग मानू नये. कोरियातील त्या अधिकाऱ्याच्या जागी आपण असता आणि सभागृहातून सदस्यांना बाहेर काढण्याचा हुकूम आला असता, तर आपण काय केले असते?

निवृत्त सुभेदार (खटाव)

रागाचा प्रश्न नाही, ताई. आमच्या कायद्याच्या ४१ व्या कलमात हुकूम न मानल्याची शिक्षा आहे, आणि तेथे ‘कायदेशीर हुकूम’ असा शब्द आहे. हे कलम आम्हाला भरतीच्या पहिल्या महिन्यात वाचून दाखवले जाते. नंतरही कित्येकदा मी ते नव्या जवानांना स्वतः वाचून दाखवले आहे, आणि प्रत्येक वेळी शिक्षेचा भाग मोठ्याने आणि हा शब्द घाईने वाचला आहे, हे आपला प्रश्न आल्यावर आज लक्षात आले. मी हुकूम लेखी मागितला असता, असे मला वाटते. लेखी आला असता तर पुढे काय केले असते, हे येथे घरात बसून लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही.